उंबरठ्यावरचं माप

एम.ए. मानसशास्त्राचं प्रात्यक्षिक म्हटलं की आमच्याकडच्या निम्म्या मुली तिथेच गळतात. थिअरीला पाठांतर चालतं, गाईड चालतं. प्रात्यक्षिकाला मात्र जिवंत माणूस समोर बसवावा लागतो, त्याच्याकडून शे-दीडशे उत्तरं काढून घ्यावी लागतात आणि मग त्या उत्तरांचं गणित मांडावं लागतं. मी तर वीस वर्षांनी वही हातात धरलेली. पतसंस्थेत रोखपाल आहे, वय ४२, मुलगा नववीत. १८ एप्रिल २०२४ ला परभणीत परीक्षा दिली आणि मोकळी झाले. सुरुवातीला मला सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवते.

प्रवेशाचं आधी उरकते, कारण पहिली दमछाक तिथेच झाली. बी.ए. २००३ चं, तेव्हा मानसशास्त्र विषय होता. पदवीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. मधली वीस वर्षं शिक्षण नाही, म्हणून गॅप सर्टिफिकेट. पदवी दुसऱ्या विद्यापीठाची, म्हणून मायग्रेशन. गॅपचं प्रतिज्ञापत्र १०० रुपयांच्या बाँडवर, टायपिंग आणि नोटरी धरून ४५० रुपये गेले. नावासाठी विवाह नोंदणीचा दाखला मागितला. लग्नाची नोंद गावच्या ग्रामपंचायतीत, तिथे तीन फेऱ्या. पहिल्या फेरीला ग्रामसेवक मीटिंगला गेलेले, दुसऱ्या फेरीला रजिस्टरचं कपाट बंद आणि चावी तिसऱ्याच माणसाकडे. ऑगस्ट २०२३ चे तीन आठवडे यात गेले. तुमचंही नाव बदललेलं असेल तर जाहिरात निघायची वाट न बघता जूनमध्येच हा दाखला काढून ठेवा, आणि झेरॉक्सच्या पाच-पाच प्रती करा. फी ९ हजार ४०० भरली. पतसंस्थेत सकाळची सुट्टी मिळेना, तर मॅनेजर साहेबांशी बोलून मंगळवार-शुक्रवार दुपारी १२ ला यायचं आणि संध्याकाळी उशिरापर्यंत थांबून कॅश जुळवायची, असं ठरलं. पहिल्या सत्रात चाचण्याच होत्या, बुद्धिमत्तेची, अभिरुचीची. छापील पुस्तिका द्यायची आणि उत्तरांची की लावून गुण काढायचे. ते जमलं.

खरी भीती ९ जानेवारी २०२४ ला सुरू झाली. सरांनी फळ्यावर आठ प्रयोगांची नावं लिहिली आणि वर शीर्षक दिलं : मानसभौतिकी. वर्गात आम्ही अकरा जणी आणि दोन मुलं. शब्द ऐकूनच एकीनं मला कोपर मारलं, "ताई, भौतिकी? मी आर्ट्सला आले ना गं?"

सर म्हणाले, "माणसाला किती बारीक आवाज ऐकू येतो, हे त्याच्या कानात डोकावून कळत नाही. त्यालाच विचारावं लागतं. अन् माणूस काय, काहीही सांगतो. तर मग त्याच्या सांगण्यातून मोजमाप कसं काढायचं, एवढंच आपल्याला या सत्रात शिकायचंय." मग त्यांनी 'अवसीमा' असा शब्द लिहिला. कुणाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्यांनी तो तसाच ठेवून खाली लिहिलं, 'उंबरठा'. या मोजमापाला इंग्रजीत जो शब्द वापरतात, लायमेन, तो मूळ लॅटिन आणि त्याचा अर्थच दाराचा उंबरठा. अलीकडे कळत नाही, पलीकडे कळतं. माझ्या डोक्यात एकदम सासरच्या दारातलं ते तांदळाचं माप आलं, आणि उजव्या पायानं नक्की किती जोरात लोटायचं या विचारानं घामाघूम झालेली मी. तेवढ्यावरून तो धडा मला कधी परका वाटला नाही.

इतिहास थोडक्यात सांगते, तोंडी परीक्षेत विचारतात. जर्मनीतल्या लाइपझिगला अर्न्स्ट वेबर नावाचे शरीरशास्त्रज्ञ होते. स्पर्शावरचं त्यांचं लॅटिन पुस्तक १८३४ चं. वजनातला फरक कळायला ठरावीक ग्रॅम लागत नाहीत, मूळ वजनाच्या ठरावीक हिश्शाइतका फरक लागतो, हे त्यांनी दाखवलं. त्याच गावचे गुस्टाव फेक्नर मूळ भौतिकीचे प्राध्यापक. रंगीत काचांतून सूर्याकडे बघण्याचे प्रयोग करून त्यांनी डोळे बिघडवून घेतले आणि पुढची काही वर्षं अंधाऱ्या खोलीत काढली. २२ ऑक्टोबर १८५० ला सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या त्यांना सुचलं की मनातलं संवेदन आणि बाहेरचं उद्दीपक (म्हणजे प्रकाश, आवाज, वजन असं जे इंद्रियांना जाणवतं ते) यांचं नातं गणितानं मांडता येईल. १८६० मध्ये त्यांचा मोठा ग्रंथ आला आणि मोजण्याच्या तीन रीती त्यात आल्या : सीमा पद्धत, स्थिर उद्दीपक पद्धत आणि सरासरी त्रुटी पद्धत. दीडशेहून जास्त वर्षं झाली, आमच्या जर्नलमध्ये, म्हणजे प्रात्यक्षिकाच्या वहीत, अजून त्याच तीन. २२ ऑक्टोबर हा 'फेक्नर दिन' म्हणून आजही पाळतात. तोंडी परीक्षेत हे सांगितलं की परीक्षक खुश होतात, असं मागच्या वर्षीच्या मुलींनी सांगितलं होतं. मला कुणी विचारलं नाही.

पहिला प्रयोग द्विबिंदू अवसीमेचा. कातडीवर दोन टोकं एकदम टेकवायची. किती अंतर असलं म्हणजे ती दोन आहेत हे कळतं, आणि किती कमी झालं की एकच वाटतं? प्रयोगशाळेत या कामाचं एकच उपकरण. त्याची पट्टी ढिली, त्यामुळे १० मिलिमीटरवर लावलं तरी टेकवेपर्यंत ११ व्हायचं. तेरा विद्यार्थी आणि एक उपकरण. माझा नंबर यायला फेब्रुवारी उजाडला असता. मी मुलाच्या कंपासपेटीतला कर्कटक घेतला, टोकं पॉलिश पेपरवर घासून बोथट केली आणि सरांना दाखवला. सर हसले, "वेबरनंसुद्धा कंपासच वापरला होता. चालतंय." तर उपकरण नाही म्हणून अडून बसू नका, फक्त टोकं बोथट करायला विसरू नका.

प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो, घरचाच : माझा मुलगा. जानेवारीचा शेवट, संध्याकाळ, डोळ्यांवर रुमाल. हाताच्या पुढच्या भागावर, मनगट आणि कोपर यांच्या मधोमध, ६० मिलिमीटरपासून उतरत्या क्रमानं पाच-पाचनं खाली यायचं. तो म्हणणार "दोन, दोन, दोन", आणि कुठेतरी "एक" म्हणेल. त्या दोन पायऱ्यांच्या मधला आकडा लिहायचा. मग १० पासून चढत्या क्रमानं वर जायचं. अशा दहा उतरत्या, दहा चढत्या माळा.

पहिल्या दिवशी पठ्ठ्या पाच मिलिमीटरलाही "दोन" म्हणाला. माझा पोरगा विशेष आहे की काय, असं क्षणभर वाटलं. मग सरांचं वाक्य आठवलं आणि मी मधूनच एकच टोक टेकवलं. "दोन!" परत एक टोक. "दोन!" रुमालाखाली हसायला लागला. "मम्मी, जास्त वेळा दोन म्हटलं तर मार्क जास्त ना?" सगळा तक्ता फाडला. दुसऱ्या दिवशी त्याला नीट सांगितलं की इथे पास-नापास नाही, आणि दर पाच-सहा टेकवण्यांमागे एक नुसतं एकच टोक ठेवलं. याला सापळा-चाचणी म्हणतात, ती घातल्याशिवाय आकडे जर्नलमध्ये उतरवू नका. कळणं वेगळं आणि "कळलं" म्हणायला तयार होणं वेगळं. दुसऱ्या महायुद्धात रडारवर बसलेल्या माणसांना नेमकी हीच अडचण होती. पडद्यावरचा ठिपका विमान आहे की नुसती खरखर? एक जण जरा शंका आली की हाक देणारा, दुसरा खात्री पटेपर्यंत गप्प बसणारा. दोघांचे डोळे सारखेच. त्यातून पुढे १९५० च्या दशकात संकेत-शोधन सिद्धांत आला, जो या दोन गोष्टींची वेगळी मोजणी करतो. आमच्या अभ्यासक्रमात त्याला दीड पान आहे. खरं तर सगळं त्याच दीड पानात आहे.

शेवटी मुलाचे आकडे असे आले : उतरत्या माळांची सरासरी ३४ मिलिमीटर, चढत्यांची ४२, दोन्ही मिळून ३८. दोन्हीत फरक का? "दोन, दोन" म्हणायची जीभेला सवय लागते आणि एक वाटायला लागलं तरी ती थोडी पुढे घसरत जाते. वर येताना "एक, एक" चं तेच. पुस्तकात याला सवयीचा दोष म्हणतात. उलटं, बदल होणारच म्हणून घाईनं आधीच बदलून टाकणं हा अपेक्षेचा दोष. चढत्या-उतरत्या दोन्ही माळा घ्यायच्या त्या यासाठीच. बोटाच्या टोकावर मात्र तोच आकडा अडीच मिलिमीटर आला. ब्रेलच्या एका अक्षरातल्या ठिपक्यांमधलं अंतर साधारण तेवढंच असतं, हे नंतर वाचलं तेव्हा मी काउंटरवर नोटा मोजताना माझ्याच अंगठ्याकडे जरा आदरानं बघितलं. नोट जाड लागली की हात आपोआप थांबतो, डोळे मागून येतात.

मुलर-लायर भ्रमाचा प्रयोग सोपा. बाण आत-बाहेर असलेल्या दोन रेषा, एक सरकवून दुसरीइतकी करायची. एका दुपारी दोघींचे झाले. त्यावर जास्त लिहीत नाही.

घड्याळाच्या टिकटिकीचा प्रयोग फसला. किती अंतरावरून टिकटिक ऐकू येते, हे मोजायचं होतं. यूजीन गॅलंटर यांनी १९६२ मध्ये दिलेली उदाहरणं सगळ्या पुस्तकांत असतात : शांत खोलीत २० फुटांवरून घड्याळाची टिकटिक, स्वच्छ काळोख्या रात्री ३० मैलांवरून मेणबत्तीची ज्योत. ३० मैल म्हणजे ४८ किलोमीटर, परभणीहून जिंतूरपेक्षाही लांब. मला तेव्हाच शंका आली होती. २०१५ मध्ये दोघा अभ्यासकांनी ताऱ्यांच्या तेजाशी तुलना करून हिशेब मांडला, तर ते अंतर जेमतेम २.६ किलोमीटर निघालं, हे सरांनी सांगितलं. म्हणून पुस्तकात आहे ते सगळं खरंच असं धरू नका. डोळा मात्र त्या मानानं कमी नाही. १९४२ मध्ये अमेरिकेत हेख्त, श्लेअर आणि पिरेन यांनी माणसांना अर्ध्या तासाहून जास्त वेळ अंधारात बसवून मग क्षणभर प्रकाश दाखवला. डोळ्याच्या पडद्यात प्रकाशाचे ५ ते १४ कण शोषले गेले तरी माणसाला चमक दिसते, असा त्यांचा हिशेब आला. आणि आमची टिकटिक? मार्चमध्ये पंखा बंद केला तर प्रयुक्त घामानं चुळबुळ करतो, पंखा लावला तर टिकटिक जाते. दोन्ही जमवून पहाटे पाचला बसलो, तर पलीकडच्या गल्लीत हळदीचा डीजे रात्रभर चालून नुकता थकत होता. सरांना सांगून तो प्रयोग रद्द केला आणि त्याऐवजी साखरपाण्याचा घेतला. ध्वनीचा प्रयोग निवडायचाच असेल तर लगीनसराईच्या आधी उरका.

आता वजनांचं.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मापाडी होते. १९७० पासून २००९ पर्यंत. आता पंचाहत्तरीला आलेत. ज्वारी, तूर, मूग, पुढे सोयाबीन, सगळं त्यांच्या काट्यावरून गेलं. काटा बघून सांगायचं हे त्यांचं काम, पण हमालांशी पैजा लागायच्या : पोतं नुसतं पाठीवर घेऊन शंभर भरलंय की अठ्ठ्याण्णव, सांगायचं. अण्णा चुकत नसत, असं अण्णा सांगतात. तेव्हा स्थिर उद्दीपक पद्धतीनं, म्हणजे ठरलेली तीच वजनं पुन्हा पुन्हा देऊन, वजनांचा प्रयोग करायचा ठरल्यावर दुसरं कुणाचं नाव डोक्यात आलंच नाही.

प्रयोगशाळेतल्या वजनांच्या पेटीतली दोन वजनं हरवलेली. म्हणून मी घरी बनवली. एकसारख्या प्लॅस्टिकच्या डब्या १६, प्रत्येकी १२ रुपये. डब्या अगदी एकाच आकाराच्या पाहिजेत, कारण तेवढ्याच वजनाची लहान डबी मोठ्या डबीपेक्षा जड वाटते. हाही एक भ्रमच आहे. आत सायकलच्या दुकानातले छर्रे आणि चाळलेली वाळू, आणि वरून खुळखुळू नये म्हणून गच्च कापूस. छर्रे १५० रुपयांचे. वजन करायला ओळखीच्या सराफाकडे गेले. त्यांच्या काट्यावर ग्रॅमच्या खालचंही दिसतं. ८८, ९२, ९६, १००, १०४, १०८, ११२ अशा दोन-दोन डब्या केल्या, १०० च्या चार. सराफ म्हणाले, "ताई, आमच्याकडं लोक सोनं घेऊन येतात, तुम्ही वाळू आणली." चहाही पाजला. किराणा दुकानाच्या काट्यावर करू नका, पाच ग्रॅम इकडे-तिकडे झाले तर सगळा प्रयोग पाण्यात. तळाला आकडा न लिहिता खुणेची अक्षरं लिहिली, कारण अण्णांना वाचता येतं.

१८ फेब्रुवारी, रविवार, सकाळी नऊ. अण्णा ओसरीवर पाटावर, समोर चौरंग, मध्ये साडीचा पडदा. उजवा हात पडद्याखालून पलीकडे. मी आधी १०० ची डबी हातात द्यायची, त्यांनी उचलून खाली ठेवायची, मग दुसरी द्यायची. दुसरी जड की हलकी, एवढंच सांगायचं. क्रम मी आदल्या रात्री चिठ्ठ्या टाकून लिहून ठेवला होता. हे केलंच पाहिजे. आयत्या वेळी मनानं क्रम लावला तर आपण नकळत जड-हलकं-जड-हलकं असा ठेका धरतो आणि समोरच्याला तो कळतो. १८८४ मध्ये अमेरिकेत चार्ल्स पर्स आणि जोसेफ जास्त्रो यांनी अशाच कामासाठी पत्त्यांचा जोड पिसून क्रम ठरवला होता.

सात-आठ जोड्या बऱ्या गेल्या. मग अण्णा थांबले.

"सारखंच हाय की हे."

"सारखं म्हणायचं नाही अण्णा. जड किंवा हलकं, एकच सांगायचं."

"अन् सारखं असलं तर?"

"तरी एक सांगायचं. अंदाजानं."

त्यांनी डबी खाली ठेवली आणि पडद्याखालून हात काढून घेतला. "मापाड्यानं अंदाजानं सांगायचं नसतंय माय. समोर कुणबी उभा असतो, आडत्याबी उभा असतो. कळंना तर कळंना म्हणायचं, पुन्यांदा काट्यावर टाकायचं. मी उगं जड म्हणलो तर कुणाच्या तरी पदरातलं गेलं. अन् तू मला खोटं बोलाया लावायलीस."

मी काय बोलणार? आई आतून म्हणाली, "अहो, पोरीची परीक्षा हाय." त्यानं आणखीच बिघडलं. "परीक्षेत खोटं चालतंय?" चाळीस वर्षं ज्या एका गोष्टीवर त्यांनी आपली पत राखली, तीच मी त्यांना सोडायला सांगत होते, आणि तेही पडद्याआडून. प्रयोग थांबवला. सरांना फोन लावला. रविवार असूनही त्यांनी उचलला, हे त्यांचं मोठेपण. सर म्हणाले, "त्यांचं बरोबर आहे. कळत नाही असं ते म्हणाले की तक्त्यात फुली मारा. पण नंतर विचारा, की समजा सांगायचंच झालं तर हात कुणीकडं झुकतोय? उत्तर फुलीसकट लिहा. काहीच फेकू नका."

अण्णांना हे पटलं. 'हात कुणीकडं झुकतोय' हे त्यांना खोटं वाटलं नाही. त्या रविवारी ७० आणि २५ तारखेच्या रविवारी ७०, अशा १४० तुलना झाल्या. दर ३५ नंतर दहा मिनिटं विश्रांती, चहा. कोपर चौरंगाला टेकलेलं, मनगट मोकळं, दोन उचलण्यांत सारखंच अंतर. मी मोबाइलवर ठोके लावले होते. फेक्नरनी स्वतःवर अशी हजारो उचल-ठेव केली होती. १४० लाच माझी कंबर मोडली. एक गोष्ट फार अवघड गेली : अण्णांचं बरोबर आलं तरी चेहरा हलवायचा नाही, हुं म्हणायचं नाही. पडदा त्यांच्यापेक्षा माझ्यासाठी जास्त उपयोगी पडला.

आकडे असे. २० पैकी किती वेळा 'जड' म्हणाले : ८८ ला ०, ९२ ला १, ९६ ला ४, १०० ला ११, १०४ ला १७, १०८ ला १९, ११२ ला २०. आलेख काढला तर उंबरठा काही दिसेना. मला वाटलं होतं, सपाट रेषा येईल आणि एका जागी पायरी. आला तो घाटातल्या रस्त्यासारखा हळूहळू चढणारा वाक. मग उंबरठा कुठे? तर माणसं तो ठरवतात. 'जड' चं प्रमाण निम्मं होतं तिथे, ९९.४ ग्रॅमवर, अण्णांच्या हाताला दोन्ही वजनं सारखी. १०० च्या किंचित खाली येतो, कारण दुसऱ्यांदा उचललेलं थोडं जड वाटण्याकडे कल असतो; त्याला कालक्रमाचा दोष म्हणतात. २५ टक्के आणि ७५ टक्के या दोन बिंदूंमधलं अंतर सुमारे सहा ग्रॅम, त्याचं निम्मं तीन ग्रॅम. ही अण्णांची भेद-अवसीमा, म्हणजे हाताला कळणारा लहानात लहान फरक. १०० ला ३. पुस्तकात उचललेल्या वजनासाठी साधारण दोन टक्के देतात.

अण्णांना तीन ग्रॅम आवडले नाहीत. "मला वाटलं एकाचाबी कळंल." मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, "पण पोत्यात पाव किलो कमी असलं तर कुण्या बापाला कळंना. दोन किलो कमी असलं की पाठ सांगायची." मी वही मिटून घेतली होती, ती परत उघडून हे वाक्य समासात लिहिलं. क्विंटलच्या पोत्याला दोन किलो, शंभर ग्रॅमच्या डबीला दोन-तीन ग्रॅम. वेबरचा नियम मला तोपर्यंत फक्त सूत्र म्हणून पाठ होता.

आणि फुल्या. एकूण ४६ वेळा अण्णा म्हणाले होते की कळत नाही. त्यातल्या १५ खरोखरच १००-१०० च्या जोड्या, तिथे बरोबर-चूक असं काही नाहीच. उरल्या ३१. त्या ३१ पैकी २२ वेळा हात बरोबर बाजूला झुकला होता. नुसतं नाणं उडवलं असतं तर १५-१६ आले असते. पर्स आणि जास्त्रो यांनाही हेच सापडलं होतं : काहीच खात्री नाही असं माणसं म्हणत तेव्हाही त्यांचे अंदाज निम्म्याहून जास्त वेळा बरोबर येत, साधारण पाचात तीनदा. एका माणसाच्या ३१ फुल्यांवरून मी काही सिद्ध करत नाही, चर्चेत तसं लिहिलंही. पण ते आकडे मी तीनदा मोजले.

मार्च जर्नलमध्ये गेला. जर्नल १८० रुपयांचं, आलेखाचे कागद वेगळे. उद्देश, साहित्य, पद्धत, दक्षता, निरीक्षण, चर्चा, निष्कर्ष. प्रत्येक प्रयोगावर सरांची तारखेसह सही, आणि शेवटी विभागप्रमुखांचं प्रमाणपत्र. ते नसेल तर परीक्षेला बसू देत नाहीत. सही त्या-त्या आठवड्यात घ्या. आमच्या दोघी-तिघींनी सगळं शेवटावर ठेवलं आणि मग सरांच्या मागे परीक्षा विभागाच्या जिन्यावर जर्नलं घेऊन धावल्या.

परीक्षा आधी एप्रिलच्या शेवटी होती. २६ एप्रिलला परभणीत लोकसभेचं मतदान, शिक्षकांना ड्युटी, म्हणून ती १८ तारखेला ओढली. हे व्हॉट्सॲपवर १३ ला रात्री कळलं. परीक्षेला येताना प्रयुक्त आपण आणायचा असतो. माझी ठरलेली शेजारीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, तिचं मतदानाचं प्रशिक्षण नेमकं त्याच दिवशी निघालं. सकाळी साडेआठला कॉलेजच्या व्हरांड्यात मी एकटी. तुम्ही मात्र दोन माणसं सांगून ठेवा. अखेर प्रयोगशाळेचे शिपाई मामा म्हणाले, "बसू का मी?" सरांनी मान हलवली.

चिठ्ठी निघाली : द्विबिंदू अवसीमा, तळहातावर. मामांच्या तळहाताची कातडी वर्षानुवर्षं बाकडी उचलून, झाडून राठ झालेली. १४ मिलिमीटर आली; पुस्तकात तळहाताला साधारण १० च्या आसपास सांगतात. सापळ्यांमध्ये मामा एकदाही फसले नाहीत. कातडीमुळे आकडा वाढला असावा, असं चर्चेत लिहिलं, 'असावा' ला अधोरेखा दिली.

तोंडी परीक्षेला बहिःस्थ परीक्षक बाहेरगावचे, वयस्कर. जर्नल चाळत वजनांच्या पानावर थांबले. समासातलं पोत्याचं वाक्य वाचलं. मला वाटलं आता रागावणार, जर्नलात असलं लिहायचं नसतं.

"प्रयुक्त कोण तुमचे?"

"वडील आहेत सर. मापाडी होते."

"मग त्यांना चार ग्रॅमचा फरक कळतो का?"

"२० पैकी १७ वेळा, सर."

"म्हणजे कळतो की नाही? एक काहीतरी सांगा."

मी जरा गप्प बसले. मग म्हणाले, "१७ वेळा कळतो, सर."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं, काहीतरी लिहिलं आणि पुढच्या मुलीला हाक मारली. निकाल जुलैत लागला. प्रात्यक्षिकाला १०० पैकी ६८. तिसऱ्या सत्राची फी भरलीय.

डब्या घरीच आहेत. या वर्षीच्या मुलींपैकी कुणाला लागल्या तर कॉलेजात मामांना विचारा, ते माझ्याकडे निरोप देतील. ९६ ची एक फुटलीय, ती सराफाकडून परत भरून घ्यावी लागेल. आणि १०० च्या तीनच मिळतील. चौथी अण्णांनी ठेवून घेतली. वाळू-छर्रे ओतून तिच्यात चुना भरलाय.